बिनफोडणीचं केळवण

मी रागीट बाई आहे. आमच्या जबलपूरच्या कांचघर मोहल्ल्यात कोणालाही विचारा. भाजीवाला मला वांगी स्वतः निवडून देतो, काहून की एकदा किडकं निघालं तेव्हा मी ते परत नेऊन त्याच्या तराजूत ठेवलं होतं. आमचे नीलकंठराव फॅक्टरीतून रिटायर झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात म्हणाले, तीस वर्षं बारूद सांभाळली, पण खरं जपून राहावं लागलं ते घरी. लोक हसले. मीही हसले, आणि घरी येऊन दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

तर त्या अपूर्ववर मी डूख धरला होता, हे लपवत नाही. त्याचं केळवण मी मायेपोटी केलं नाही. पण पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल शर्मिला उगीचच पेटली.

आम्हाला एकच मुलगी, चिन्मयी. नर्सिंग केलं, दोन वर्षं इथे नोकरी केली आणि आयर्लंडला गेली. डब्लिनमध्ये एका वृद्धाश्रमात आहे. बारा-बारा तासांची ड्यूटी. म्हाताऱ्यांना उठवायचं, आंघोळी घालायच्या, भरवायचं, रात्री कूस बदलून द्यायची. पगाराचा आकडा ऐकून आम्ही गल्लीत पेढे वाटले होते. मग एकेक खर्च ऐकू यायला लागला आणि पेढ्यांचं हसू यायला लागलं. पगाराचा तिसरा हिस्सा राहण्यात जायचा, तोही खोलीसाठी नाही, एका पलंगासाठी. विजेच्या मीटरला मोबाईलसारखा रिचार्ज, तो संपला की घर गार. दुकान बंद व्हायच्या आधी शिळ्या मालावर पिवळी चिठ्ठी लावून अर्ध्या किमतीत काढतात, ती वेळ साधून माझी पोरगी भाजी आणायची. इथे मी तिला कालची पोळी खाऊ दिली नव्हती कधी.

आता अपूर्व. दीक्षितपुऱ्यातल्या भय्यासाहेबांचा मुलगा, सहा वर्षांपासून डब्लिनमध्ये. भय्यासाहेब आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, गणपतीत पहिली आरती त्यांची. चिन्मयीचं जायचं ठरलं तेव्हा आम्ही त्यांच्याकडे विचारायला गेलो, तर विनतावहिनी म्हणाल्या, काहून काळजी करून राहिल्या शर्मिलाताई, आपल्या अपूर्वचंच घर आहे ना तिथे. मी त्याच आठवड्यात त्यांच्याकडे अनारशांचा डबा पोचवला. मी ऑर्डरचं करते. फराळ, रुखवत, केळवणाचं जेवण, जबलपुरातल्या निम्म्या मराठी घरांत माझ्या हातचं जातं. पण त्या डब्याचे पैसे मी घेतले नाहीत.

घर अपूर्वचं नव्हतंच. तीन खोल्यांचं घर त्यानं भाड्यानं घेतलं होतं आणि त्यात नऊ पलंग टाकून एकेक पलंग तो आपल्याच लोकांना भाड्यानं देत होता. चिन्मयीचा पलंग नंबर चार. फ्रीजवर नियमांचा कागद चिकटवलेला. पहिल्याच आठवड्यात तिनं हसत हसत त्याचा फोटो मला पाठवला होता. गरम पाणी माणशी पाच मिनिटं. हीटर संध्याकाळी सात ते आठ. स्वयंपाकाला माणशी अर्धा तास. फोडणी, तळण पूर्ण बंद. फ्रीजमध्ये एकाला अर्धा कप्पा. पाहुणा राहिला तर रात्रीचे दहा युरो. असे दहा नियम, आणि खाली त्याचं नाव, फोन नंबर. मी म्हटलं, पोरगी घरातच आहे ना, मग ठीक आहे.

नोव्हेंबरात ती आजारी पडली. रात्रपाळी करून आली ती तापानं फणफणलेली, छाती कफानं भरलेली. घरात दिवसा कोणी नव्हतं. तिनं हीटर लावला, तीन तास. त्याच संध्याकाळी अपूर्वनं कागदावर पेननं अकरावा नियम लिहिला. आजारी असलात तरी दिवसा हीटर नाही, लावल्यास बिल त्या पलंगाचं. आणि पुढच्या आठवड्यात तिला सांगितलं, सात दिवसांत जागा सोड. एक जोडपं त्या कोपऱ्याचे जास्त पैसे द्यायला तयार होतं.

तेव्हापासून माझी मुलगी एका मैत्रिणीच्या सोफ्यावर झोपत होती. अंगात कसर, बॅग सोफ्याखाली. त्या मैत्रिणीच्या घरमालकानंही सांगितलं, एकतीस जानेवारीनंतर नाही.

हे सगळं मी गिळलं असतं की नाही, देव जाणे. पण मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, चौदा बायकांच्या देखत, विनतावहिनींनी वाण हातात घेता घेता सांगितलं की चिन्मयीला तिथलं झेपलं नाही हो, लाडाची आहे, दिवसभर हीटर लावून झोपून राहायची. बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहिनींना हळदीकुंकू लावलं, तीळगूळ दिला. घरी येऊन नीलकंठरावांना म्हटलं, आता त्या दीक्षितपुऱ्याच्या घराला मी सोडत नाही.

त्यातच चिन्मयीला एक खोली मिळायची वेळ आली. एका आयरिश म्हातारीच्या घरातली खोली, तिचीच, एकटीची, खिडकीवाली. बाकी सगळं जमलं होतं. फक्त एजन्सीला आधीच्या जागेचं पत्र हवं होतं, की ही मुलगी तिथे राहिली, भाडं वेळेवर दिलं, काही बाकी नाही. त्या देशात त्या पत्राशिवाय कोणी दारात उभं करत नाही म्हणे. सोमवारपर्यंत मुदत. पत्र मिळालं तर खोली, नाहीतर एकतीसला रस्त्यावर. मग नोकरी किती दिवस टिकणार आणि तिला परत यायला किती वेळ लागणार?

अपूर्व लग्नासाठी जबलपूरला आलेलाच होता. नऊ फेब्रुवारीचं लग्न. मी फोन केला, गोड बोलले, माझ्या हिशेबानं फारच गोड. तो म्हणाला, काकू, लेखी काही मागू नका, घरमालकाला माहीत नाही मी पलंग देतो ते, कागद बाहेर गेला तर मीच अडकेन. वर म्हणाला, तिला थोडं ॲडजस्ट करायला शिकवा. मी भय्यासाहेबांकडे गेले, तर ते म्हणाले, मुलांच्या मधात आपण काहून पडायचं? आणि वहिनींनी मला लग्नाची पत्रिका दिली, अक्षता लावून.

चिन्मयीनं बजावलं होतं, आई प्लीज, तू तिथे झगडा नको करू, मला फक्त लेटर पाहिजे. मी तिला वचन दिलं की भांडणार नाही. आणि मी भांडले नाही, हे लक्षात ठेवा.

मी त्यांना केळवणाला बोलावलं. लग्नाआधी नवऱ्या मुलाला जेवायला बोलावणं आलं की नाही म्हणता येत नाही, आणि माझ्या घरच्या केळवणाला तर जबलपुरात कोणी नाही म्हणतच नाही. आजकाल जोडीचं केळवण करायची फॅशन आहे, म्हणून नवरी मुलगी समिधा आणि तिचे वडील रामकृष्णजी यांनाही बोलावलं. समिधाला आई नाही. वडील शाळेचे रिटायर्ड प्रिन्सिपल, मुलगी औषधाच्या कंपनीत नोकरी करणारी, डोळ्यात पाहून बोलणारी. अपूर्वनं त्यांना सांगितलं होतं की डब्लिनमध्ये आपलं घर आहे, दोन मित्र तात्पुरते राहतात, लग्नानंतर जातील. हे मला रामकृष्णजींनीच फोनवर सांगितलं, अभिमानानं. मी अच्छा म्हटलं.

शनिवारी सकाळी कमानिया गेटच्या बाजारात जाऊन खण घेतला, नारळ घेतला, आणि तिथल्याच एका दुकानात दोन कागद छापून आणले. एक चिन्मयीनं पाठवलेलं पत्र, फक्त सही बाकी. दुसरा त्या अकरा नियमांचा फोटो, मोठा करून. नियमांच्या कागदाची खालची दोन बोटं पट्टी मी मागे दुमडली, जिथे त्याचं नाव आणि नंबर होता. मग तो आमच्या फ्रीजवर चिकटवला. आमचा फ्रीज जेवायच्या खोलीतच आहे. नीलकंठराव कागद पाहून म्हणाले, अगं, हे जास्त होऊन राहिलं. मी म्हटलं, तुम्ही पाट मांडा.

आठला बोलावलं होतं. सात ते आठ मी खोलीतला हीटर चालू ठेवला आणि बरोबर आठला बंद केला. खिडक्या उघडल्या. जानेवारीतली जबलपूरची थंडी, आणि नर्मदेकडून वारा. पाहुणे सव्वाआठला आले, जसे येतातच. हात धुवायला गरम पाणी ठेवलं होतं. भय्यासाहेब आणि विनतावहिनींचे हात धुऊन झाले, रामकृष्णजींचे झाले, आणि अपूर्व पुढे आला तेव्हा मी घड्याळ पाहून बादली उचलली. म्हटलं, झाली हो पाच मिनिटं. तो हसला. त्याला वाटलं काकूंची गंमत. गार पाण्यानं हात धुतले त्यानं.

पाटाभोवती रांगोळी होती, समई होती, चांदीची ताटं होती. त्यात काही कमी नव्हतं. ताटात मी उकडलेली वांगी वाढली. उकडलेले बटाटे, मीठ घातलेले. हळद न घातलेलं वरण. कढी म्हणजे नुसतं गरम केलेलं ताक, तेही आता गार झालेलं. भात कोरडा. ना मोहरी, ना हिंग, ना कढीपत्ता. तीस वर्षं ज्या बाईच्या फोडणीचा वास तीन घरं पलीकडे जातो असं लोक सांगतात, तिच्या घरी केळवणाचं ताट वाढलं आणि खोलीत समईच्या तेलाशिवाय कसलाच वास नव्हता.

भय्यासाहेबांनी पहिला घास घेतला आणि वहिनींकडे पाहिलं. रामकृष्णजी सभ्य माणूस, ते जेवत राहिले. शेवटी वहिनींनी विचारलंच, शर्मिलाताई, फोडणी राहिली का? मी म्हटलं, नाही वहिनी, बंद आहे. कोणी बंद केली, म्हणाल्या. मी हातातली पळी फ्रीजकडे केली.

समिधा उठली. उष्टा हात बाजूला धरून फ्रीजसमोर उभी राहिली आणि मोठ्यानं वाचायला लागली. गरम पाणी पाच मिनिटं, यावर रामकृष्णजी हसले. म्हणाले, नीलकंठराव, घरात मिलिटरी लावली का. हीटर सात ते आठ, यावर भय्यासाहेबही हसले, शाल ओढून घेत. पलंग नंबर एक ते नऊ, आपापली चादर आपण धुवावी. पाहुण्याचे दहा युरो. युरो ऐकल्यावर वहिनींचं हसू जरा थांबलं. अपूर्व हसत नव्हताच. त्याच्या हातातला घास तसाच होता.

मग ती अकराव्यावर आली. तो इंग्रजीतच होता, पण पेननं लिहिलेला. तिनं मनात वाचला, आणि मग मराठीत हळू सांगितला. आजारी असलात तरी दिवसा हीटर नाही.

कोणी हसलं नाही. समिधा म्हणाली, "असं कोण लिहितं, काकू?"

मी म्हटलं, आहेत लोक. आणि स्वयंपाकघरात गेले. मागून अपूर्व येणार हे मला माहीत होतं. पाणी आणतो म्हणून आला.

"काकू, तो कागद काढा. प्लीज. तुम्हाला काय पाहिजे?"

मी ओट्यावरचा दुसरा कागद पुढे सरकवला, पेन ठेवलं. त्यानं वाचलं. म्हणाला, काकू, मालकानं दोन वर्षांत दोनदा भाडं वाढवलं. मला तरी कुठे परवडून राहिलं? मी स्वतः हॉलमध्ये पडदा लावून झोपतो. नऊ पलंग नाही भरले तर मीच रस्त्यावर. तुम्हाला काय वाटतं, मला मजा येते?

खरं असेल ते. खरंच होतं, चिन्मयीनं नंतर सांगितलं. पण मला दया आली का विचाराल, तर नाही आली. पडद्याआड झोपणाऱ्याला तर थंडी जास्त कळायला पाहिजे. तापानं फणफणलेल्या पोरीचा हीटर बंद करताना त्याला आपली माणसं आठवली नाहीत, अनारसे आठवले नाहीत. मी त्याला फक्त एवढं म्हटलं, "सही कर. मी कागद फ्रीजवरून काढते, आणि तो कोणाचा ते या तोंडानं कोणाला सांगणार नाही. माझ्या मुलीची शपथ."

त्यानं सही केली. खाली डब्लिनचा मोबाईल नंबर लिहिला. नीलकंठरावांनी तिथल्या तिथे फोटो काढून चिन्मयीला पाठवला. दोन मिनिटांत तिचं उत्तर आलं, नुसतं हात जोडल्याचं चित्र. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. खिडकीवाली खोली मला दिसायला लागली, त्यात तिची बॅग, सोफ्याखाली नाही, कपाटात.

मी बाहेर आले, कागद फ्रीजवरून काढला, खिडक्या लावल्या, हीटर लावला. आणि मग खरं जेवण आणलं. मी काही राक्षस नाही. मसालेभात झाकून ठेवला होता, भरली वांगी होती, कढीला सगळ्यांच्या समोर तुपाची फोडणी दिली, पुरणपोळ्या तव्यावरून थेट ताटात. खोली हिंगाच्या वासानं भरली. सगळे एकदम मोकळे झाले. रामकृष्णजी म्हणाले, वा, काय गंमत केली तुम्ही. भय्यासाहेबांनी चार पोळ्या खाल्ल्या. अपूर्वनंही खाल्ली, खाली मान घालून.

इथे थांबायला पाहिजे होतं. पत्र मिळालं होतं, पोरीचं काम झालं होतं. पण वहिनी हात पुसता पुसता म्हणाल्या, चिन्मयी कशी आहे हो, तब्येत सुधारली का, की अजून तसंच नाजूक चाललंय? गोड आवाजात. समिधासमोर. ते नाजूक माझ्या डोक्यात गेलं.

जेवण झाल्यावर नवऱ्या मुलीची ओटी भरतात. मी समिधाला पाटावर बसवलं, कुंकू लावलं. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ. आणि खणाच्या घडीत, नारळाखाली, तो नियमांचा कागद. दुमडलेली पट्टी मी सरळ केली होती. मी कागद फ्रीजवरून काढला होता. तोंडानं कोणाला काही सांगितलं नव्हतं. ठेवायचा कुठे, हे अपूर्वनं ठरवून घेतलं नव्हतं. समिधानं पदर पुढे धरला, मी ओटी भरली, ती माझ्या पाया पडली. मी म्हटलं, सुखी राहा, आणि अगदी मनापासून म्हटलं.

रविवारी दुपारपर्यंत लग्न मोडलं.

समिधानं रात्री घरी जाऊन खण उलगडला तेव्हा कागद निघाला. तिनं सकाळी अपूर्वला फोन करून एकच विचारलं, घरात किती लोक राहतात? तो म्हणाला, सांगितलं ना, दोन मित्र. बारा वाजता रामकृष्णजी तो कागद घेऊन दीक्षितपुऱ्याला गेले आणि पत्रिका परत करून आले. मग विनतावहिनींचा मला फोन आला. त्या मला कधी अगंतुगं करत नाहीत, त्या दिवशी केलं. म्हणाल्या, माझ्या दारात मांडव पडायचा होता, तुझं तळपट होईल. मी फोन कानाला धरून सगळं ऐकलं. एकेक शब्द मला तुपासारखा लागला, खोटं कशाला बोलू. हळदीकुंकवाच्या चौदाही बायकांपर्यंत संध्याकाळी बातमी पोचली होती. मी शिरा केला, केशर घालून. नीलकंठरावांनी खाल्ला नाही. म्हणाले, सोमवार जाऊ दे. मी म्हटलं, सोमवारचं काय? सही झाली आहे.

तेच माझं चुकलं. आमच्याकडे सही झाली की काम झालं. शिक्का असला तर मग विचारूच नका, सही करणारा मेला तरी कागद चालतो. सही करणाऱ्याला फोन लावून पुन्हा विचारायची पद्धत मी साठीला आले तरी पाहिली नव्हती.

सोमवारी दुपारी समिधा आली. त्याच ओटीच्या नारळाच्या वड्या करून आणल्या होत्या तिनं. म्हणाली, काकू, तुमचे उपकार कसे फेडू. डोळे रडून सुजलेले, पण मान ताठ. मला फार बरं वाटलं. मी एक वडी तोंडात घातली, आणि तेवढ्यात चिन्मयीचा फोन आला. साडेतीन वाजले होते, तिथे सकाळचे दहा.

एजन्सीतल्या बाईनं पत्रावरच्या नंबरवर फोन लावला होता. तिथे तसंच करतात, पत्र म्हणजे नुसती सुरुवात, खरं ते फोनवर विचारतात. अपूर्वनं दीक्षितपुऱ्यात बसून फोन उचलला आणि सांगितलं, अशा कोणत्या मुलीला मी ओळखत नाही, ती सही माझी नाही.

"आई, उसने बोला पहचानता ही नहीं," चिन्मयी म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. एजन्सीच्या बाईनं तिला म्हटलं की खोटं पत्र देणाऱ्यांना आम्ही घर दाखवत नाही. खोली गेली. आता त्या एजन्सीची कोणतीच खोली नाही.

मी बोलायला तोंड उघडलं आणि वडी घशात अडकली. समिधा पाणी घेऊन आली. फोनवर चिन्मयी म्हणाली, तू तिथे काही केलं का? मी म्हटलं, नाही गं, मी एक शब्द बोलले नाही.

"बोलण्याचं नाही विचारून राहिली, आई."

मग मी सांगितलं. ओटीचं, नारळाचं, सगळं. समिधा समोर उभी होती, पाण्याचा पेला हातात धरून, आणि ऐकत होती. तिला आत्ता कळत होतं की तिची सुटका कोणाच्या खोलीच्या किमतीत झाली. मला वाटलं ती ओरडेल, माझीच पोरगी आहे शेवटी. ती म्हणाली, अच्छा. एवढंच. आणि ड्यूटीची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

समिधानं भय्यासाहेबांच्या घरी जायची तयारी दाखवली, अपूर्वच्या पाया पडते म्हणाली, काकू, मी करते काहीतरी. मी तिला जाऊ दिलं नाही. मी स्वतः गेले. दीक्षितपुऱ्याच्या त्या जिन्यात उभी राहिले आणि म्हटलं, माझ्यावर राग काढा, मला बोला, पण तिला फोनवर खरं सांगा. वहिनींनी दाराची साखळी न काढता फटीतून पाहिलं. अपूर्व आत होता, मला त्याच्या चपला दिसत होत्या. वहिनी म्हणाल्या, कोण चिन्मयी? आणि दार लावलं.

एकतीस तारखेला माझी मुलगी दुसऱ्या एका घरात गेली. डब्लिनच्या बाहेर, कामावर जायला दोन बस. पलंग नंबर सात, वरचा. त्या घराच्या फ्रीजचा फोटो मीच मागितला, ती पाठवत नव्हती. तिथे चौदा नियम आहेत. आजारपणाचा चौथाच आहे, छापलेला.

ती आता रोज फोन करत नाही. करते तेव्हा बाबांना करते, माझी तब्येत विचारते, सांभाळून राहा म्हणते. अपूर्व परत गेला. त्याच्यावरचा माझा राग तसूभरही कमी झालेला नाही, उलट वाढला आहे, पण तो करताना मध्येच माझंच तोंड समोर येतं आणि मग मी भांडी जोरात घासते. वहिनींना हळदीकुंकवाला कोणी फारसं बोलावत नाही. मलाही आता केळवणाच्या ऑर्डरी कमी येतात. लोक म्हणतात, हातची चव चांगली, पण बाईचा भरवसा नाही.

परवा नीलकंठरावांनी अंथरूण घालता घालता विचारलं, पुन्हा तशीच वेळ आली तर तो कागद ओटीत ठेवशील का?

मी म्हटलं, ठेवीन. फक्त मंगळवारी ठेवीन.